सातव्या महिन्यात घाटंजीहून लोणारला : गाडीतला लांबचा प्रवास सुसह्य कसा करावा?

रानफूल_यवतमाळ

नमस्कार मंडळी. माझं सासर घाटंजी तालुक्यातलं एक खेडं, माहेर लोणारजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलंय. सध्या २६वा आठवडा सुरू आहे. डोहाळजेवण आटोपलं की २८व्या आठवड्याच्या आसपास निघायचं, म्हणजे नेमका एप्रिलचा शेवट. भासऱ्यांची (थोरल्या दिरांची) बोलेरो आहे. चालवणार मामाजी (सासरे) किंवा भासरे, सोबत सासूबाई आणि हे.

अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रस्ते दोन. एक यवतमाळ, दारव्हा, कारंजा करत जायचं, कारंज्याला समृद्धी महामार्गावर चढायचं आणि मेहकरला उतरून लोणार गाठायचं. दुसरा दिग्रस, मानोरा, मंगरुळपीर, वाशिम, रिसोड असा गावागावांतून. मामाजी म्हणतात समृद्धीनं जाऊ, जेवायच्या आत पोहोचू. आई फोनवर म्हणते वस्तीच्या रस्त्यानं या, कुठंही थांबता येतं.

रक्तदाब ठीक आहे, हिमोग्लोबिन १०.२, गोळ्या सुरू आहेत. जास्त वेळ बसलं की कंबर धरते, संध्याकाळी पायांवर सूज येते आणि गाडी तर मला लहानपणापासून लागते. सगळ्यात मोठी अडचण लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते. मला तासा-सव्वातासानं लघवीला जावं लागतं. मामाजी गाडी चालवत असले की "थांबवा जी" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. ते रागावणारे नाहीत, उलट फार जीव लावतात. तरी निघत नाहीत.

डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात विचारणारच आहे. पण या भागात, या उन्हात ज्यांनी असा प्रवास केलाय किंवा करवलाय त्यांचं ऐकायचंय.

सिस्टर_वर्धा

ताई, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम (आरोग्यसेविका) आहे. तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्ट मी पहिली घेते, कारण माझ्या दृष्टीनं सगळ्या प्रवासाचं मूळ तिथंच आहे.

लघवी रोखून धरायची नाही. गरोदरपणात मूत्रमार्गाचा संसर्ग एरवीपेक्षा लवकर होतो. तो वाढला तर ताप येतो, पोटात कळा येऊ शकतात, बाळंतपण वेळेआधी सुरू होऊ शकतं. आणि आपल्या बायका यावर उपाय काय काढतात, तर निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणीच कमी करतात! गाडी थांबवायला सांगावं लागू नये म्हणून. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की चक्कर येते, डोकं दुखतं, गर्भाशय आवळल्यासारखं होतं. रक्तही घट्ट होतं.

हे रक्ताचं जरा नीट सांगते. गरोदरपणात रक्त गोठायची प्रवृत्ती निसर्गतःच वाढलेली असते, म्हणजे बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा. त्यात पोटाच्या भारामुळे पायांकडून वर येणारं रक्त संथ झालेलं. अशात चार-पाच तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की पिंढरीच्या खोल शिरेत गाठ होण्याचा धोका असतो. दोन्ही पाय सारखे सुजले तर बहुतेक वेळा ती नेहमीची सूज. एकच पाय सुजला, पिंढरी दुखायला लागली, गरम लागली किंवा लाल दिसली, तर चोळायचं नाही, मालिश करायची नाही. सरळ दवाखाना.

म्हणून दर दीड तासानं गाडी थांबलीच पाहिजे, तुम्हाला लघवी लागो न लागो. खाली उतरून पाच-दहा मिनिटं चालायचं. गाडीत बसल्याबसल्या पावलं वर-खाली करायची, घोट्यातून गोल फिरवायची, पायावर पाय टाकून बसायचं नाही. घोट्याशी आवळणारे मोजेही नकोत. पायांना दाब देणारे वैद्यकीय मोजे मिळतात, ते डॉक्टरांना विचारून मापानं घ्या.

वेळेबद्दल : १४ ते २८ आठवडे हा काळ प्रवासाला सगळ्यात सोयीचा धरतात. तुम्ही त्याच्या काठावर निघताय, त्यामुळे तारीख आणखी पुढं ढकलू नका. डॉक्टरांना हे जरूर विचारा : सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) कुठं आहे, खाली तर नाही ना. गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, वार खाली असेल, मध्ये रक्त गेलं असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा जुळं असेल तर पुढचं सगळं बोलणं वेगळं होतं.

स्टेअरिंगवाला_भाऊ

ताई, मी पांढरकवड्याकडं गाडी चालवतो. पेशंट, पोटुशा, बाळंतिणी नेहमीच नेतो. ड्रायवरच्या अंगानं सांगतो, आमच्या बोलीत लिहितो, समजून घेजा.

बोलेरोत मांगच्या समोरासमोरच्या शिटावर ताईले बसवूच नका. मांगचे पाटे कडक रायते, धक्का सरळ कमरेत जाते. मधल्या लाइनीत बसवा, दाराजवळ, म्हंजे उतरा-चढाले सोपं जाते. तिथी पट्टा चालू हाय का नाही हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा. लय गाड्यांत मांगचा पट्टा शिटाखाली दबून रायते, वर कव्हर शिवेल असते. कव्हर काढा पण पट्टा बाहेर काढा.

टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहेल असते तेवढीच ठेवा. लोकं जास्त भरतात, मंग गाडी उडते. अन् समृद्धीवर जायाचं असन तं टायर पाहूनच चढा. शिमेंटचा रोड, वरून ऊन, जुनं टायर तिथी दगा देते. ८०-९० च्या वर काटा जाऊ देऊ नका, रोड १२० चा असला तरी.

सकाळी फटफटलं का निघा. अंधारात नाही. आपल्या रोडावर बिनलाइटच्या ट्रॉल्या अन् मुरमाचे टिप्पर पहाटेलेच असतात, अन् डुलकी बी तवाच लागते. ड्रायवर रातच्याले झोपेल पायजे.

आता मुद्द्याचं. पोटुशी बाई गाडीत असली तं टाइम काढाचा नसते. मी माह्या गाडीत बसाच्या आधीच सांगून देतो, "ताई, तुम्ही काही बोलू नका, मीच दर दीड घंट्यानं थांबतो." बाई बोलत नाही हे आमाले समजलं पायजे. तुमच्या मामाजीले तुमच्या मालकानं घरीच सांगून द्यावं. फोनमधी अलारम लावा. अलारम वाजला का गाडी बाजूले.

अंजनगावची_काकू

स्टेअरिंगवाल्या भाऊंनी फार शहाणपणाचं लिहिलं. मी त्यात सासवांसाठी थोडं घालते, कारण मी आता सासू आहे.

बाई वं, सून कधीच म्हणणार नाही. सासऱ्यापुढं तर नाहीच, आणि जेठ-भासरे चालवत असले तर ती श्वाससुद्धा हळू घेते. तिच्याशेजारी बसलेल्या बाईनं म्हणायचं असतं, "थांबवा बरं गाडी, मला जायचंय." आपल्याला जायचं असो-नसो. दोघी सोबत उतरायचं. ती आत गेली की दाराशी उभं राहायचं, पाण्याची बाटली हातात धरायची. एवढं केलं की पोरीच्या डोक्यावरचा अर्धा भार उतरतो. घाटंजीच्या सासूबाई, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्यावर माझा भरवसा आहे.

दुसरं, एका दमात जायचा आग्रह कशाला? कारंज्याला कुणी नातेवाईक आहे का? सकाळी निघून दहाच्या आत कारंजा गाठा, जेवा, दिवसभर डाव्या कुशीवर पडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी निघा. उन्हाचा तडाखा एकाही दिवशी अंगावर येत नाही. आमच्या घरी अमरावती जिल्ह्यातून भंडाऱ्याला पोरीला आणताना नागपुरात मुक्काम केला होता. पोरगी हसतखेळत घरी आली.

खाण्याचं सांगते. निघताना उपाशीपोटी निघायचं नाही. जिला गाडी लागते तिला वाटतं रिकामं पोट बरं, पण रिकाम्या पोटीच जास्त ढवळतं. अर्धी भाकर दह्यासोबत किंवा दोन टोस्ट. सोबत मुरमुरे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी. थोडं थोडं, घंट्या-दीड घंट्यानं. तिखट रस्सा, भजी, कचोरी, हे सगळं माहेरी पोहोचल्यावर. आलेपाकाची वडी आणि सुकवलेला आवळा तोंडात धरायला ठेवा. कैरीचं पन्हं घरचं करून न्या, त्यात मीठ, जिरं टाका.

नवा_बाप_अकोला

पट्ट्याबद्दल एक प्रश्न, कारण आमच्या घरी यावरून वाद झाला. माझ्या बायकोला आता २४ आठवडे झालेत. माझी आई म्हणते पट्टा पोटावर बसतो, बाळाला दाबतो, लावूच नको. मी म्हणतो लावायचाच. नक्की काय?

सिस्टर_वर्धा

दादा, लावायचाच. पण कसा लावायचा ते महत्त्वाचं. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांडीच्या वर, दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांवर सपाट बसला पाहिजे. पोटावरून कधीच नाही. वरचा तिरपा पट्टा दोन छातींच्या मधून आणि पोटाच्या कडेनं खाली यायला हवा. तो काखेतून किंवा पाठीमागून घ्यायचा नाही. असा लावला की जोराचा ब्रेक लागला तरी भार हाडांवर येतो, गर्भाशयावर येत नाही. पट्टा नसताना आई पुढच्या शिटावर आदळते, आणि बाळाला खरा धोका तिथं असतो.

पुढं बसायचं असेल आणि एअरबॅग असेल तर ती बंद करायची नाही, शीट जेवढं मागं जाईल तेवढं न्यायचं. स्वतः चालवत असाल तर स्टेअरिंग आणि छातीच्या हाडामध्ये निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं. शेवटच्या महिन्यांत पोटामुळे ते राहत नाही, तेव्हा चालवणं थांबवलेलं बरं.

तुमच्या आईंना आईच्याच काळजीनं सांगा. त्यांना लेकराची चिंता आहे, पट्टाही त्याच लेकरासाठी आहे.

पळसफूल

सिस्टर, गावाकडं म्हणतात की खड्ड्यातल्या दचक्यानं लेकरू खाली सरकतं, म्हणून सातव्यानंतर गाडीत बसायचंच नाही. यात तथ्य किती? माझी जाऊ या भीतीपायी तपासणीलाही जात नाहीये, तिला आठवा लागलाय.

सिस्टर_वर्धा

हे वाचून काळजी वाटली. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, भोवती गर्भाशयाचा जाड स्नायू असतो. सगळं ठीक असलेल्या बाईला साध्या खड्ड्यांनी कळा सुरू होत नाहीत, लेकरू सरकतही नाही. त्रास होतो तो आईच्या कमरेला, ओटीपोटाला. वार खाली असेल, टाका घातलेला असेल, तर मात्र डॉक्टर प्रवास टाळायला सांगतात आणि ते ऐकायचं. पण तपासणी चुकवल्यानं जे राहून जातं, म्हणजे वाढलेला रक्तदाब, उतरलेलं हिमोग्लोबिन, आडवं बाळ, ते खड्ड्यांपेक्षा कितीतरी घातक. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. आशाताईंना सोबत घ्या आणि जावेला न्या. कृपा करून न्या.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. गाडी खरोखर धडकली, पडझड झाली, पोटाला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचंच. आतल्या आत वार सुटू शकते आणि ते काही तासांनी कळतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर मार लागल्यावर इंजेक्शनची गरज पडू शकते, म्हणून रक्तगट लिहिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड पर्समध्ये, हाताशी हवं. डिक्कीतल्या बॅगेत नको.

संत्राबाग

वरुड भागातून लिहितेय. रस्त्यावरच्या बर्फाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. ऊन लागलं की रसवंती दिसते, उसाचा रस, लिंबू शरबत, बर्फाचा गोळा. माझ्या बहिणीला सहाव्या महिन्यात कावीळ झाली होती. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की हीच कावीळ एरवी बहुतेकांना बरी होऊन जाते, पण गरोदर बाईच्या, त्यातही शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकते. ती वाचली, दोघंही वाचले, पण ते दिवस आमच्या घरानं कसे काढले ते आम्हालाच माहीत. तेव्हापासून आमच्यात कुणीही पोटुशी असली की बाहेरचा बर्फ नाही, उघड्या माठाचं पाणी नाही, कापून ठेवलेलं टरबूज नाही. घरून उकळून गार केलेलं पाणी न्यायचं. गाडीत थर्मास किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या. संत्री असली तर न्या, आपल्या हातानं सोललेलं फळ सगळ्यात सुरक्षित. आत्ता मृग बहाराचा माल संपत आलेला असतो, पण बाजारात सापडतो.

ओआरएसची पुडी लिहिल्याएवढ्याच पाण्यात, म्हणजे मोठी पुडी एक लिटरमध्ये. नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ज्यांना गरोदरपणातला मधुमेह आहे त्यांनी साखरेचं काही घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

स्टेअरिंगवाला_भाऊ

बाथरूमचं राहूनच गेलं. पेट्रोल पंपावर तेल भरा नका भरू, संडास-बाथरूम, प्यायाचं पाणी अन् हवा फुकट द्याव लागते, नियम हाय. कुलूप असन तं चाबी मांगा, लाजू नका. घरातल्या माणसानं उतरून आधी पाहून यावं, साफ हाय का, पाणी हाय का, आतून कडी लागते का. मंग ताईले उतरवावं. सोबत एक मग, साबण अन् जुनं दुपट्टं ठेवा.

समृद्धीवर चढल्यावर मधात उतराले इंटरचेंजच पायजे, कारंज्यानंतर शेलूबाजार, मालेगाव, मंग मेहकर. मधातच रोडाच्या कडेले थांबू नका, मांगून गाड्या लय जोरात येते. म्हणून चढाच्या आधी, कारंज्यातच, सगळं उरकून घ्या. अन् ताईले लागलंच तं शेलूबाजारले उतरा, टोलचे चार पैसे जास्त गेले तं जाऊ द्या.

रानफूल_यवतमाळ

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काकूंचा प्रतिसाद यांनी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण सकाळी मला म्हणाल्या, "आपण दोघी मधात बसू, तू दाराकडं बस." मामाजींनी बोलेरो गावातल्या गॅरेजवर नेली. मागचा पट्टा खरंच कव्हरखाली होता. आता मोकळा झालाय.

डॉक्टरांनी तपासलं. वार वर आहे, रक्तदाब ठीक, प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या. हिमोग्लोबिनसाठी गोळी चहासोबत घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा असं बजावलं. उलटीसाठी त्यांनी स्वतः गोळी लिहून दिली, मेडिकलमधून परस्पर घेऊ नका म्हणाल्या.

कारंज्याला माझी मावशी आहे, तिच्याकडं मुक्काम ठरला. सासूबाईंना गुरुमंदिरात दर्शन घ्यायचंच होतं, त्यामुळे मुक्कामाला कुणाचीच ना नाही. कारंज्यापर्यंत वस्तीचा रस्ता, पुढं समृद्धी, असं आई आणि मामाजी दोघांचंही राहिलं. कमरेसाठी काय करू तेवढं सांगा, आणि मागच्या सीटवर आडवं होऊन गेलं तर चालेल का?

सिस्टर_वर्धा

आनंद झाला ताई. धावत्या गाडीत आडवं पडायचं नाही, पट्टा लागत नाही. शीट थोडं मागं कलतं करा, कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा, दर थांब्यावर ती थोडी वर-खाली सरकवा. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर राहावेत म्हणून पायाखाली चपटी पिशवी घेतली तरी चालतं. पडावंसं वाटलं तर गाडी सावलीत थांबवून डाव्या कुशीवर पडा. २० आठवड्यांनंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पाठीजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, आईला घेरी येते, बाळाकडचं रक्त कमी होतं.

सैल सुती कपडे घाला. साडी असेल तर परकराची नाडी पोटाच्या खाली आणि ढिली. अंगठ्या, जोडवी आदल्या दिवशी काढून ठेवा, सूज आली की निघत नाहीत. गाडी उन्हात उभी असली तर आधी चारही दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, मग बसा.

रस्त्यात रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट दर काही मिनिटांनी आवळायला लागलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, ताप आला, दम लागला, छातीत दुखलं, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर माहेर किती लांब राहिलं हे मोजायचं नाही. जवळचा दवाखाना. १०८ ला फोन, रुग्णवाहिका मोफत असते. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही नंबर आहे. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दारव्हा, कारंजा, मेहकर इथल्या सरकारी दवाखान्यांची ठिकाणं तुमच्या यजमानांच्या फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.

तेंदूपान_गडचिरोली

मी आलापल्लीकडची. धागा पूर्ण वाचला, खूप आपुलकीनं लिहिलंय सगळ्यांनी. आमच्याकडचं थोडं वेगळं आहे ते सांगावंसं वाटतं.

भामरागड भागात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो. तेव्हा आराम राहतो बाजूला, गाडी निघेल की नाही हाच प्रश्न असतो. म्हणून आमच्या आशाताई ज्यांची तारीख जुलै-ऑगस्टमधली आहे त्यांच्या मागं आधीपासून लागतात. आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून 'माहेरघर' आहे. तारखेच्या काही दिवस आधी तिथं येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस, जेवणाची सोय. कळा सुरू झाल्यावर जंगलातून धावपळ करण्यापेक्षा आधीच पाण्यापलीकडं येऊन राहणं हा आमच्याकडचा सगळ्यात सुखाचा प्रवास. भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना आहे, तिथंही लांबलांबून बाया येतात. ज्यांचं गाव नदी-नाल्याच्या पलीकडं आहे त्यांनी प्रवासाची तारीख पावसाकडं पाहून ठरवावी, पोटाकडं पाहून नाही.

आणि सिकलसेल. पूर्व विदर्भात हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, तरी प्रवासाच्या गोष्टीत त्याचं नाव निघत नाही. माझ्या नणंदेला आहे, एसएस, म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष आजार. तिच्या डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलंय की पाणी कमी पडलं, फार थकवा आला किंवा एकदम गारठा लागला की दुखण्याचा झटका येऊ शकतो, आणि रक्ताच्या गाठीचा धोकाही तिला इतरांपेक्षा जास्त. म्हणून तिच्या गाडीत एसी बेतानं, बाटली सतत हातात आणि मोठा दवाखाना नसलेल्या वाटेनं जायचंच नाही. फक्त वाहक असलेल्या बायकांना सहसा एवढं जपावं लागत नाही, पण आपण वाहक आहोत की आजारी हे रिपोर्ट पाहून माहीत हवं.

मेळघाटकर

आमच्याकडं गाडी कुणाकडं आहे? मी धारणीजवळची, एसटीनंच जाते. मला ३१वा आठवडा आहे, तपासणीला अमरावतीला बोलावलंय. सेमाडोहच्या वळणांत जीव नको होतो. आणि बस आपल्यासाठी दीड तासानं थांबत नाही. मी काय करू?

अंजनगावची_काकू

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी द्यायला हवं होतं पोरी, कारण जास्त बाया तुझ्यासारख्याच जातात.

बस सुटायच्या आधी चढ, गर्दीत लोटालोटी करू नकोस. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा धर, पुढच्या चाकाच्या थोडी मागं. मागच्या चाकावर आणि शेवटच्या बाकड्यावर दचके सगळ्यात जास्त. खिडकी उघडी, नजर समोर लांबच्या रस्त्यावर, घाटात मोबाइल पाहायचा नाही. पोटात थोडं कोरडं असू दे. चढतानाच कंडक्टरभाऊंना सांगून ठेव, "मी पोटुशी आहे, सेमाडोहला आणि परतवाड्याला दोन मिनिटं जास्त लागतील." आपले एसटीवाले थांबतात. मी तरी आजवर नाही म्हणणारा पाहिला नाही. परतवाडा स्टँडवर उतरून चालून घे, जाऊन ये, मग पुढची बस धरली तरी बिघडत नाही. २०२३ पासून बायांना अर्धंच तिकीट आहे, दोन बसा बदलल्या तरी खिशाला जड नाही. कोणाला तरी सोबत ने, एकटी जाऊ नको.

सिस्टर_वर्धा

काकूंनी सांगितलं त्यात एवढंच जोडते. मेळघाटकर ताई, तुम्हाला अमरावतीला नेमकं कशासाठी बोलावलंय? रक्तदाब, सूज, बाळाची वाढ कमी, असं काही कारण असेल तर केंद्रातल्या डॉक्टरांना आजच विचारा की मला १०२ ची गाडी (सरकारी रुग्णवाहिका) मिळेल का. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपणासाठी आणि गुंतागुंत असताना दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे, २०११ पासून. साधी तपासणी असेल तर तीच सोनोग्राफी किंवा रक्ताची चाचणी धारणीला होते का तेही विचारून घ्या, म्हणजे घाट उतरावाच लागणार नाही. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून कोणत्या बसनं निघताय आणि किती वाजता पोहोचणार हे आशाताईंना आणि घरी सांगून निघा. अमरावतीला डफरीनमध्ये (जिल्हा स्त्री रुग्णालयात) जायचं असेल तर कार्डावर केंद्राचा शिक्का आणि पाठवण्याची चिठ्ठी घ्या.

मेळघाटकर

बाळाची वाढ थोडी कमी म्हणाले होते ताई. उद्या सकाळीच केंद्रात जाऊन १०२ चं विचारते आणि काय सांगितलं ते इथं लिहिते.